पाण्याखालचा बस्ता

लग्नाआधी साऱ्या नातलगांनी एकत्र जाऊन कपड्यांची जी एकगठ्ठा खरेदी करायची, तिला बस्ता म्हणतात. मोहाडी तालुक्यातल्या त्या भावकीत कोणाचाही बस्ता निघाला की पहिला निरोप गोदावरीबाईंना जाई. कारण कोणते कापड घ्यावे, कोणते परत गुंडाळायला लावावे आणि दुकानदार कितव्या चहानंतर वठणीवर येतो, याबाबत त्यांचा निकाल अंतिम होता. डिंपलचे लग्न ठरलेले नव्हते. ठरला होता तो मालवणचा स्कूबा डायव्हिंगचा प्राथमिक अभ्यासक्रम. पण घरातली पोर दूर जाणार, तिच्यासाठी साहित्य घ्यायचे आणि तेही एकाच फेरीत घ्यायचे, एवढी लक्षणे जुळल्यावर तिच्या वडिलांच्या, श्यामरावांच्या, दृष्टीने हा बस्ताच होता. त्यांनी थोरल्या बहिणीला, म्हणजे गोदावरीबाईंनाच, फोन लावला.

डिंपल प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेली होती. लक्षणे जुळली म्हणजे रोग तोच असतो असे नाही, हे तिला चांगले ठाऊक होते. परंतु वडिलांनी आनंदाच्या भरात एखादे निदान केले की त्यावर दुसरे मत द्यायचे तिच्या जिवावर येई, आणि याच सवयीने आज तिला कोंडीत पकडले होते.

अभ्यासक्रमात जागा मिळाल्याचे तिने घरी सांगितले, तेव्हा श्यामरावांनी ‘डायव्हिंग’ हा शब्द ऐकला, ‘मालवण’ हा शब्द ऐकला आणि या दोन बिंदूंतून रेषा काढून ती थेट अंदमानपर्यंत लांबवली. पुढच्या आठवडी बाजारापर्यंत ती रेषा तांबड्या समुद्राला टेकली. धानाच्या गिरणीत, तहसीलीच्या आवारात, बाजारात कांदे निवडता निवडता त्यांनी सर्वांना सांगितले की आमची डिंपल आता समुद्रातच काम करणार. वस्तुस्थिती वेगळी होती. डिंपलला समुद्रात फक्त शिकायचे होते. काम करायचे होते ते इथल्या तलावांच्या आणि वैनगंगेच्या डोहांच्या तळाशी, जिथल्या चिखलात शिंपले असतात असे सर्व मानतात आणि ते कोणते, किती, कसे जगतात हे फारसे कोणी पाहिलेले नाही. नागपूरच्या तिच्या प्राध्यापिकांनी तलावांच्या पाहणीत तिला घेण्याचे कबूल केले होते. पाण्याखाली उतरण्याचे प्रमाणपत्र आणण्याची तेवढी अट होती.

हे तिने वडिलांना सांगितले नव्हते. ती खोटे बोलली नव्हती, पण चूक दुरुस्तही केली नव्हती. आणि न दुरुस्त केलेली चूक आज पैसे मोजून पिशवीत भरली जाणार होती. समुद्राचे साहित्य घेतले तर ते तलावात अडचणीचे ठरणार. तलावाचे मागितले तर बाबांना सारे सांगावे लागणार. आणि ज्या उमेदीवर त्यांनी तिला एवढ्या दूर पाठवायला होकार दिला होता, ती उमेदच संपली तर तो होकार टिकेल याची तिला खात्री नव्हती. ते नाही म्हणाले तर मालवण नाही, मालवण नाही तर तलाव नाही. साखळी एवढी साधी होती.

महामार्गावर शहापूरला चंद्रकुमारचे दुकान होते. नौदलातून निवृत्त होऊन गावी परतलेला हा गृहस्थ रबरी होड्या, दोर, तरंगणारी जाकिटे असे बचावाचे सामान विकत असे आणि पुराच्या दिवसांत पथकांना पुरवत असे. डायव्हिंगचे साहित्य त्याने खास डिंपलसाठी, पसंत पडले तरच घ्यायच्या बोलीवर, मागवून घेतले होते. तिघे तिथे पोचताच गोदावरीबाईंनी दाराशी चपला काढल्या. इथे चपला काढत नाहीत, असे चंद्रकुमारने नम्रपणे सांगितले. पण बस्त्याला चपला घालून बसल्याचे उदाहरण त्यांच्या अनुभवात नव्हते. त्या आत अंथरलेल्या ताडपत्रीवर मांडी घालून बसल्या.

“काढा आता,” त्यांनी फर्मावले.

चंद्रकुमारने मास्क काढला. काळा. फिन्सचा एक जोड काढला, म्हणजे पायात घालून पोहायचे बदकासारखे पंजे. काळे. बूट, पट्टे, हातमोजे, अंगाला चिकटून बसणारा रबरी पोशाख, सगळे काळे. गोदावरीबाईंनी पदर सावरला.

“भाऊ, तुमच्याकडं मयत झाली का कोणाची?”

“नाही जी आत्याबाई. हे असंच येते.”

“आमच्यात बस्त्याले काळं चालत नाही.”

“पाण्याखाली सारं काळंच दिसते, आत्याबाई.”

“पाण्याखाली दिसू द्या. तुमच्या दुकानात उजेड आहे ना?”

चंद्रकुमारने डिंपलकडे पाहिले. डिंपलने छताकडे पाहिले. रंगाचा आणि शुभाशुभाचा संबंध तिने कधीच मान्य केला नव्हता; मात्र आत्याशी वाद घालून तो संबंध तुटल्याचाही पुरावा उपलब्ध नव्हता. तिने नियमाचाच अभ्यास करायचे ठरवले.

“आत्या, काळं अजिबात चालत नाही, का पहिलं काळं चालत नाही?”

गोदावरीबाईंनी बोटांवर जुने बस्ते मोजले. “पहिलं नाही चालत. नंतर एखादं आलं त आलं.”

“मग पहिलं ते घेऊ,” असे म्हणत डिंपलने काचेच्या कपाटातली नारिंगी शिटी दाखवली. पाण्याच्या वर आल्यावर होडीला हाक मारायला ती लागतेच. शिटीला हळदकुंकू लागले, गोदावरीबाईंनी ती पदरात घेतली, आणि काळ्याचा मार्ग मोकळा झाला.

आता श्यामराव पुढे सरसावले. ते धानाचे शेतकरी. मळणी यंत्र घेतानाही आधी सुटे भाग मागणारे. “चंद्रकुमारभाऊ, पूर्ण सेट काढा. तो पाठीवरचा बाटला, ते हवेचं यंत्र, जाकीट, सारं. एकदा आलो त अधुरं नाही नेत आपण.”

“बाबा, बाटला मालवणले भाड्यानं भेटते. जाकीट अन् रेग्युलेटरही.”

“अन् उद्या तांबड्या समुद्रात गेली त तिथं कोणाले मागशील?”

डिंपलने तांबडा समुद्र ओलांडून उत्तर दिले. “जे चेहऱ्याले अन् पायाले लागते, ते आपलं पाह्यजे, कारण ते मापावर चालते. बाकीचं आधी भाड्याचं वापरून पाह्यचं. मी अजून एकदाही उतरली नाही. मले कोणतं जाकीट बरं पडते, हे मलेच माहीत नाही. आज घेतलं त ते दुकानदाराच्या पसंतीचं राहील.”

“बरोबर बोलून राहिली, काकाजी,” चंद्रकुमार म्हणाला. “माझं नुकसान आहे, पण बरोबर आहे.”

आपले नुकसान मान्य करणारा दुकानदार गोदावरीबाईंनी उभ्या हयातीत पाहिला नव्हता. त्या अधिकच सावध झाल्या. त्यांनी रबरी पोशाख ओढून शिवण उलटी करून तपासली.

“याच्यात माया कुठं सोडली? पोरगी उद्या अंगानं भरली त उसवाल काय?”

“आत्याबाई, हा ढिला चालत नाही. ढिला असला की आत थंड पाणी फिरत राहते. अंगाले चिकटूनच पाह्यजे.”

“मग राहू द्या,” गोदावरीबाईंनी निकाल दिला. “माया नाही असं कापड आम्ही घेत नाही.”

निष्कर्ष योग्य होता, कारण पोशाखही भाड्याने मिळणारच होता. योग्य निष्कर्षाला चुकीच्या कारणाने पोहोचणाऱ्याला अडवू नये, असे डिंपलचे मत होते.

मास्कला वेळ लागला. श्यामरावांना सर्वांत मोठ्या काचेचा हवा होता, कारण मोठ्या काचेतून समुद्र मोठा दिसणार. चंद्रकुमारने खरी परीक्षा सांगितली. पट्टा डोक्यामागे न टाकता मास्क नुसता चेहऱ्यावर धरायचा, कपाळावरचे केस बाजूला घ्यायचे, नाकाने हलकेच श्वास ओढायचा आणि हात सोडायचे. मास्क तिथेच राहिला तर तो तुमचा. मोठ्या काचेचा मास्क डिंपलच्या गालावरून लगेच घसरला. दुसऱ्याच्या कडेला कानशिलापाशी फट राहत होती. तेवढ्यात गोदावरीबाईंनी मोठ्या काचेचा उचलून तोंडाला लावला, श्वास ओढला आणि हात सोडले. तो पक्का बसला. त्या मास्कसकट उठल्या, आरशापर्यंत गेल्या, मान इकडेतिकडे वळवून स्वतःला पाहिले आणि नाक बंद झाल्याने गेंगाण्या आवाजात म्हणाल्या, “हा घ्या. छान बसते.”

“आत्या, मले घ्यायचा आहे.”

“तुझ्या तोंडाचं माप बेकार आहे, त मी काय करू व?”

शेवटी दोन लहान काचांचा, चेहऱ्याजवळ बसणारा एक मास्क डिंपलच्या गालांवर असा टेकला की खाली वाकले तरी हलेना. आत हवेची जागा कमी, म्हणून पाणी शिरले तर नाकाच्या एका फुंकरीत बाहेर काढता येईल. ती समाधानाने सरळ झाली, आणि त्याच वेळी चंद्रकुमारने फिन्सचा दुसरा एक जोड पहिल्याच्या शेजारी ठेवला.

पहिल्या जोडाचे पाते लांब, लवचीक आणि देखणे होते. दुसऱ्याचे आखूड, जाड रबराचे आणि नांगराच्या फाळाइतके सुंदर. “बेटा, आता विचारून घेतो,” तो म्हणाला. “पुढं तुले उतरायचं कुठं आहे? फिन त्याच्यावर ठरते. उघड्या समुद्रात, प्रवाहात जाशील त लांब घे. चिखल, वेल, झाडोरा असला त आखूड. लांब पातं वेलात अडकते, अन् एका फटक्यात एवढा गाळ उठवते की आपलाच हात आपल्याले दिसत नाही.”

“समुद्रात,” श्यामराव म्हणाले. “लांबच द्या.” त्यांनी लांब जोड उचलून पिशवीकडे नेला.

डिंपलला उत्तर माहीत होते. उत्तर माहीत असून ते न देणे याला विज्ञानात काही नाव नाही; घरात आहे. “बाबा, थांबा,” ती म्हणाली. “आखूड पाह्यजे.”

“काहून?”

“मी समुद्रात नाही राह्यणार. शिकून वापस येणार. मले आपल्या तलावांत उतरायचं आहे. वैनगंगेच्या डोहात अन् आपल्या बोडीतही.”

बोडी म्हणजे शेताच्या उशाला असणारा लहानसा तलाव. श्यामरावांच्या धानाला तिचेच पाणी मिळे. त्यांनी लांब जोड हळूच ताडपत्रीवर ठेवला.

“बोडीत?” ते म्हणाले. “बोडीत म्हशी उतरते.”

चंद्रकुमार कपाटातल्या शिट्या लावू लागला. त्या आधीच लावलेल्या होत्या.

“मी साऱ्या मोहाडीत सांगून बसलो. लोक मले विचारतेत, पोरगी अंदमानले कवा जाऊन राहिली. अन् तू म्हणते बोडीत?”

“तिनं सांगतलं होतं का तुले अंदमान?” गोदावरीबाईंनी विचारले.

“तिनं नाहीही म्हणलं नाही, बाई.”

“हे मात्र खरं आहे,” गोदावरीबाई डिंपलकडे वळल्या. “तू काहून मुकी राह्यली व?”

“तुम्ही खूश होते, बाबा,” डिंपल म्हणाली. “मले वाटलं, तलावाचं सांगतलं त जाऊ नाही देणार. ते माझं चुकलं. पण आता लांब घेतल्या त दुसऱ्यांदा चुकीन.”

श्यामराव रागावले नाहीत. रागावले असते तर तिला सोपे गेले असते. ते हिशेबाने बोलले, आणि त्यांचा मुद्दा वजनदार होता. “हे पाह्य, पोरी. बोडी दर उन्हाळ्यात सुकते. तिचा तळ मी जन्मभर पाहून राहिलो. भेगा पडलेला चिखल, चार मेलेले शिंपले, कोणाची तरी तुटकी चप्पल. याच्याशिवाय तिथं काहीच नाही. एवढ्यासाठी तुले मालवणले काहून पाठवू? समुद्रासाठी म्हणशील त आजच पाठवतो.”

होकार समुद्रासाठी होता, तलावासाठी नव्हता. तिने नेमकी याचीच धास्ती घेतली होती. पण आता मुद्दा समोर आला होता, आणि मुद्द्याशी बोलता येते.

“सुकल्यावर तुम्ही पाह्यला तो तळ नाही, बाबा. तो पाणी गेल्यावर मागे राह्यलेला पसारा. बाजार उठल्यावर मोहाडीचं मैदान पाह्यलं, अन् कोणी म्हणलं की इथं फक्त कांद्याची सालं भेटते, त तुम्ही मानाल?”

“भरल्या बोडीत म्या हजारदा हात घातला.”

“डोळे घातले का?”

श्यामरावांनी ताडपत्रीवरचा लांब जोड उगाच सरळ केला.

“पाण्याच्या आत डोळे उघडून कवा पाह्यलं, बाबा?”

“गढूळ पाण्यात काय पाह्यचं?” ते म्हणाले, पण हे उत्तर नसून प्रतिप्रश्न आहे, हे त्यांच्याही लक्षात आले असावे. जन्म पाण्याकाठी काढलेल्या त्या माणसाने पाण्याचा फक्त वरचा पापुद्रा पाहिला होता. तो दोष त्यांचा नव्हता. माणसाच्या डोळ्याला पाण्यात नीट दिसतच नाही. डोळ्यापुढे हवेचा थर असावा लागतो, आणि तेवढ्यासाठीच मास्क असतो.

दुकानामागे होड्यांची गळती तपासायचा एक सिमेंटचा हौद होता. पावसाळ्यानंतर त्यात कोणी हात घातला नसावा. कडेला शेवाळ, वर निवळ पाणी. डिंपलने मोठ्या काचेचा मास्क उचलून वडिलांना हौदापाशी नेले, मास्कच्या आत थुंकली, बोटाने काच चोळली आणि हौदात विसळला.

“हे काय करून राहिली?” श्यामराव मागे सरले.

“यानं काचेवर वाफ नाही धरत. घाला.”

“तुझी थुंकी?”

“लहानपणी तिचं उष्टं खाल्लं तवा नाही विचारलं,” गोदावरीबाई म्हणाल्या. “घाल गुपचूप.”

श्यामराव हौदाच्या कठड्याशी गुडघे टेकून बसले आणि मास्क लावून तोंड पाण्यात घातले. लगेच खोकत वर आले. मिशीमुळे मास्क नाकाखाली टेकत नव्हता आणि तिथून पाणी आत शिरत होते.

“मिशी काढ,” गोदावरीबाईंनी सुचवले.

“बाई, बोडीसाठी मी मिशी काढू?”

“हातानं दाबून धरा, बाबा. अन् हलू नका. तळाकडं पाहा.”

ते पुन्हा वाकले. या खेपेला वेळ लागला. त्यांची पाठ स्थिर होती, कानाच्या पाळ्या तेवढ्या पाण्याबाहेर होत्या. चंद्रकुमार डिंपलला हळूच म्हणाला, “हौद साफ करायचा राहून गेला होता, बेटा.” ती म्हणाली, “नाही केला तेच बरं झालं, काकाजी.” आत काय आहे याची तिलाही खात्री नव्हती. हौदात काहीच नसेल, तर बाबांचा मुद्दा निदान या हौदापुरता खरा ठरेल, आणि मग तो खोडायला तिच्याकडे दुसरे काही नव्हते.

श्यामराव वर आले. मास्कमध्ये निम्मे पाणी भरले होते आणि ते त्यांच्या ध्यानात नव्हते.

“तो उलटा किडा कोणता होय?”

“कसा उलटा?”

“पाठीवर पोहून राहिला. दोन पाय वल्ह्यावानी मारते. अन् पोटाले चांदी लावल्यावानी चमकते.”

डिंपलने कठड्यावरून वाकून पाहिले आणि ओळखले. “ती चांदी नाही, हवा आहे. तो किडा वर येते, हवेचा थर पोटाले धरते अन् खाली जाते. तिथं त्याच हवेवर राह्यते.”

“म्हणजे बाटला घेऊन उतरते?”

“तसंच. पण हात नका लावू, डंख मारते.”

श्यामराव पुन्हा पाण्यात गेले. वर येऊन त्यांनी शेवाळावर चिकटलेल्या पारदर्शक जेलीबद्दल विचारले. ती गोगलगायीची अंडी होती. तिसऱ्यांदा वर येऊन त्यांनी कोणत्याशा लाल धाग्याबद्दल विचारले, जो चिखलातून अर्धा बाहेर येऊन डोलत होता. ती डासासारख्या एका माशीची अळी असावी असे डिंपल म्हणाली, पण खात्रीने सांगता येत नाही, असेही तिने जोडले.

“एवढ्याशा हौदात हे?” ते म्हणाले. मिशीतून पाणी गळत होते. “बोडीत किती असतील?”

“मले माहीत नाही, बाबा.”

“तू एम.एस्सी. ना?”

“म्हणूनच सांगते. कोणी पाह्यलंच नाही. काही असेल, काही नसेल. कदाचित तुम्ही म्हणता तसं फक्त चिखल अन् चप्पल. उतरून मोजल्याशिवाय मी हो म्हणणार नाही.”

श्यामरावांनी तिच्याकडे पाहिले. पोर समुद्र नाकारते, आणि तलावाचीही हमी देत नाही. असा बेभरवशाचा सौदा त्यांनी बाजारात कधी केला नसता. पण बाजारातला माल वरून दिसतो.

“मालवणले कवा पोचायचं आहे?” त्यांनी विचारले.

“सोमवारी.”

“रविवारी मी सोडून देतो गाडीवर.” मग ते दुकानाच्या दाराकडे वळून मोठ्याने म्हणाले, “चंद्रकुमारभाऊ, आखूड वाली बांधा. अन् बूट जाड तळाचे द्या, आपल्या बोडीच्या पाळीवर काटे आहेत.”

चंद्रकुमार आत गेला. गोदावरीबाई आखूड जोडाचा पट्टा ओढून पाहायला त्याच्यामागे गेल्या; त्यांच्या मते सौद्याची खरी वेळ आता आली होती. डिंपल म्हणाली, “चला बाबा, मास्क काढा, तोंड पुसा.”

“एक मिनिट,” श्यामराव म्हणाले. “तो उलट्या बाजूनं वर येऊन हवा घेते कशी, ते पाहून घेऊ दे,” आणि मिशी घट्ट दाबून त्यांनी तोंड पुन्हा पाण्यात घातले.